जागल

टेबलावर घेताना तिनं एकच विचारलं,
"या हातानं गोफन फिरन ना, बाई?"
डॉक्टर तहसीन हात धूत होत्या, कोपरापर्यंत फेस.
म्हणाल्या, त्यासाठीच तर आधी एकच गाठ शोधायची.
काखेतली पहिली. आत कोण शिरलं
हे जिला सगळ्यांत आधी कळतं, ती.
"म्हंजे जागल्या," सरजाबाई खोब्रागडे म्हणाली.
"माह्या आजेसासऱ्याले गाव जागल्याच म्हने.
शिवेवर राहे. चोर येवो का वाघ,
पयले त्याच्याच..."
भूल चढली. वाघ तिच्या तोंडातच राहिला.

सुईत नीळ.
माझी आई शेवटच्या पाण्यात टाकायची
तेवढीच, चिमूटभर रंगाची.
काळ्या वर्तुळाखाली ती उतरली
आणि डॉक्टरांनी पाच मिनिटं चोळलं.
घड्याळ माझ्याकडे होतं.
झोपलेल्या बाईच्या उराशी
पाच मिनिटं फार असतात.

मग काख उघडली. पिवळी चरबी,
कोवळ्या कणसाच्या दाण्यांसारखी,
आणि तिच्यातून एक निळा दोरा.
दांडात सोडलेलं पाणी
ढेकळाढेकळाला विचारत जातं तसा.
"गप्प राहा," डॉक्टर म्हणाल्या.
कुणीच बोलत नव्हतं.

दोरा संपला तिथं ती होती.
तुरीएवढी. नाही, वालाच्या दाण्याएवढी.

ओल्या गॉजमधून ती माझ्या हाती आली.
थिएटरपासून तपासणीची खोली एकशे बारा पावलं,
मध्ये व्हरांडा, व्हरांड्यात तिचा नवरा,
चपला काढून बसलेला, डबा न उघडलेला.
त्यानं माझ्या हाताकडे पाहिलंच नाही.
तोंडाकडे पाहिलं.
सोळा वर्षांत तोंड कसं ठेवायचं ते मी शिकले आहे.
त्या दिवशी कसं राहिलं, माहीत नाही.

भोजराजनं ती गोठवली, कापली, काचेवर घेतली.
मध्येच लाइट गेले. जनरेटर खोकला आणि लागला.
तिकडे छातीतली गाठ निघत होती, ट्रेमध्ये पडली,
आणि मी फोनजवळ उभी,
बापाच्या जागलीचा विचार करत.
माळ्यावर रात्रभर तो डबा बडवायचा.
डुकरं आली नाहीत तर सकाळी
त्याला कुणी विचारायचंही नाही, झोपला होतास का म्हणून.

फोन वाजला.
"काही नाही. स्वच्छ."
बाकीच्या गाठी काखेत होत्या तिथंच राहिल्या.
टाके पडले.

कुणी आलं नाही, हे ज्यानं सांगितलं
तोच तेवढा आम्ही काढून नेला.
बाटलीत, फॉर्मलिनमध्ये,
वर तिच्या नावाची चिठ्ठी.
माझ्याच अक्षरात.
शिवेवरच्यांचं असंच होत आलंय,
हे मी डॉक्टरांना म्हटलं नाही.

सकाळी वॉर्डातून हाक,
"वो बाई! वो, इकडं ये लवकर!"
संडासाच्या दारात सरजाबाई,
सलाइनचा स्टँड धरून,
हसावं की घाबरावं न ठरलेली.
"निळं झालं वो!"
होतं तसं, म्हटलं, दोन दिवस राहील.
"मंग कोनं सांगतलं काऊन नाई मले?"

खिडकीबाहेर तारेवर पाखरं बसली होती.
तिनं उजवा हात उचलला, खांद्यापर्यंत.
दुखलं. थांबली.
मग मनगट तेवढं
एकदा, हळूच,
गोल फिरवून पाहिलं.