तूट

उपकेंद्रातून निघाले शंभर युनिट,
वाडीच्या मीटरांत जमा झाले एक्क्याऐंशी.
मधले एकोणीस कुठे गेले
हे साहेबांना खुर्चीतूनच ठाऊक :
“खाडीपलीकडची वस्ती. आकडे टाकतात.”

आकडे टाकणं माझंही काम,
वहीत, निळ्या शाईने.
म्हणून दाजी कुबलला घेऊन निघाले
पौषातल्या एका पहाटे
फीडरच्या शेपटापर्यंत चालत.

दाजीने बॅटरी विझवायला लावली.
“बघू नको. ऐक.”

खांब एकसष्ट.
तीन महिने सर नाही.
समुद्राने रोज चिमूट चिमूट मीठ आणून
चिनीमातीच्या चकत्यांवर थापलेलं,
आणि आता दव.
कोरडं मीठ गप्प असतं,
ओलं झालं की बोलतं :
तापल्या तव्यावर थेंब पडावा तसं चर्र,
थांबून पुन्हा चर्र,
आणि कडेने सरपटणारी निळी रेघ, सुईएवढी.
कुणाच्याही घरी न जाता
वीज खांबावरून उतरून
जमिनीत चाललेली.

सत्तराव्या खांबाशी फटफटलं.
सगळ्या तारेला थेंबांची माळ,
फक्त जोडाजवळ वीतभर कोरडं.
सैल जोड. दवसुद्धा टिकेना तिथे.

पुढे जुनी बारीक तार, दोन-अडीच किलोमीटर,
टोकाला बर्फाचा नवा कारखाना.
प्रवाह दुप्पट झाला की तूट चौपट,
हे लिहून मी परीक्षेत पाच गुण मिळवलेले.
इथे तीच तार
ओल्या लुगड्याच्या दोरीसारखी लोंबत होती.

बंदरावर जयवंती मेथर टोपली भरत होती.
वीस किलो बर्फाचे पैसे मोजते,
बाजारात पोचतो पंधरा.
पाच किलो टोपलीच्या बुडातून ठिपकत जातो.
“कोण चोरतं का?” मी विचारलं.
“चोरतलो कोण? रस्तो खाता.
रस्तो लांब, बाय.”

हे वाक्य अहवालाच्या कुठल्याच रकान्यात बसेना.
मी लिहिलं : चकत्या धुणे. जोड आवळणे. तार बदलणे.
डीपी बंदराजवळ नेणे,
म्हणजे लांबचा पल्ला वीज चढ्या दाबाने, हलकी चालेल
आणि जडपणा शेवटच्या चार खांबांपुरताच.

आकडाही एक मिळाला खरा.
वाडीत नव्हे, टेकडीवरच्या रिसॉर्टात.
त्याचा कागद वेगळा. तो अजून फिरतोय.

अकरा महिने गेले. खांब आले, तार आली,
नट मागाहून आले.
दाजी कमरेला पट्टा बांधून चकत्या पुसत राहिला,
लहान पोराचे कान पुसावेत तशा.

तूट आता नऊ.
नऊ राहणारच; तार फुकट कशी वाहील?
तरी महिनाअखेर मी वजाबाकी दोनदा करते.

परवा जयवंतीच्या घरी मीटर बघायला गेले.
पिवळा, मरतुकडा दिवा होता तिथे
पांढराशुभ्र उजेड.
मी कौतुकाची वाट बघत उभी.

ती आढ्याकडे बघत म्हणाली,
“उजेड बरो आसा गो.
पण कोळिष्टकां किती दिसूक लागली!”
आणि केरसुणी शोधायला आत गेली.