चौथं अंडं

आडिवऱ्याच्या सड्यावर एप्रिलमध्ये
कातळ बारा वाजता बावन्न अंशांवर असतो.
वहीत तसं लिहिलंय, पेन्सिलीनं,
कारण शाई पेनातच सुकली होती.

घरटं म्हणजे काहीच नाही. वाटीएवढा खळगा,
कडेनं जांभ्याचे खडे, शेळीच्या चार लेंड्या,
आणि टोकं आत करून मांडलेली चार अंडी
कातळाच्याच रंगाची.
"पाय बघून टाक," ठकू झोरे म्हणाली होती,
"हितं दगडालाबी जीव असतो."
तिच्या शेळ्या वळसा घालून जातात.
मी नकाशा काढला.

परवान्यात होतं : एका घरट्यातून एक.
मी चौथं उचललं. जागी प्लॅस्टरचं ठेवलं,
पोटात तापमापक, अंगावर ठिपके,
रात्री जागून रंगवलेले.
टिटवी डोक्यावर घिरट्या घालत होती.
तिचं म्हणणं वहीत उतरलं ते असं :
इशारा, सतरा वेळा.

शाळेच्या बंद खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली
मी कवचाला खिडकी पाडली.
पिवळ्या बलकावर लाल मुळं पसरलेली,
मधोमध स्वल्पविरामाएवढं कुणीतरी
आणि त्यात एक ठिपका, उघडझाप करणारा.
मिनिटाला एकशे बेचाळीस.
लाइट गेली तेव्हाही मोजत होते, मोबाइलच्या उजेडात,
मग मोजण्यासारखं राहिलं नाही.
आकडा मात्र चांगला आला.

वर सड्यावर ती डबक्यावर जायची,
पोट भिजवून यायची, बसायची.
दिवसाला तीस-तीस खेपा.
गोष्टीतली टिटवी समुद्र आटवायला निघाली होती,
ही पिसांतून डबकं वाहून आणत होती
आणि चौघांत वाटत होती.
प्लॅस्टरलाही तितकंच.
आलेख सांगतो : अडतीस, साडेअडतीस.
चाळीस कधीच नाही.

मेमध्ये तीन पिल्लं निघाली,
अंग वाळायच्या आत चालायला लागली, गेली.
मी प्लॅस्टरचं अंडं आणलं आठवड्यानं.
रेघ चढलेली : सत्तेचाळीस, पन्नास, बावन्न,
अंड्याचा पुन्हा कातळ झालेला.
फक्त दुसऱ्या दुपारी एक खड्डा.
चाळीस मिनिटं. अडतीस अंश.

सर म्हणाले, उपकरणाची चूक, काढून टाक.
ठकूला दाखवलं. तिनं कागद उलटा धरला,
बराच वेळ धरला,
मग म्हणाली, "शेळ्यांना पाणी दावायचंय,"
आणि उतरणीला लागली.

खड्डा मी प्रबंधात ठेवलाय.
तळटीप अजून लिहिलेली नाही.