पहिली की दुसरी

रद्दीत निघालं रोमच्या कमानीचं जुनं चित्र,
तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं,
एक कड वाळवीनं खाल्लेली.
औशाला मन्मथअप्पांकडे नेलं.
चाळीस वर्षं ते भांड्यांवर नावं टाकतात.

अप्पांनी आधी सावल्या पाहिल्या,
बारीक, एकावर एक आडव्या रेघा.
"हात बसलेला गडी. पण हितं बघ,
शेळीच्या खुरापाशी कलम सटकलंय."
मग भिंग कमानीच्या आत.
"ही वरात कुणाची?"

वरात नाही, म्हटलं, विजय.
शहर जाळून, देऊळ लुटून
सैनिक घरी निघालेत.

"सात फांद्यांची समई… चौरंग… कर्णे…"
भिंग सरकत राहिलं.
"नाव कुणाचं होतं ह्यांच्यावर?"

मी माथ्यावरचं राजाचं नाव दाखवलं.
त्यांनी तिकडं पाहिलंच नाही.

त्र्याण्णवला, म्हणाले, किल्लारीच्या वाटेवर
भांड्यांचा ढीग होता. चेपलेल्या घागरी,
परातीत माती, मातीत भिजलेली ज्वारी.
लोक अंगठ्यानं पुसून वाचायचे.
वाचता न येणारे माझ्याकडं आणायचे.
चि. सौ. कां. गिरिजा हिस, मामाकडून.
अक्षर माझंच.
मामा समोर उभा होता, घागर धरून.

चित्र परत देताना
त्यांनी शेळीवर बोट ठेवलं:
"हिचं बरंय."

पुढ्यात नवं ताट ओढलं, पिन लावली,
मशीन टरटरलं, थांबलं.
"मालिनीतली लि," मान वर न करता विचारलं,
"पहिली की दुसरी?"