कलम चौदा

बैरूत, शहात्तरचा मार्च.
विमा कंपनीचा पाहणीदार वदीह कत्तान
बुर्ज हम्मूदच्या गल्लीत उभा, काखेत फाइल.
भिंतीला भोक पडलंय.
टेप आणायला विसरला म्हणून तो वितेनं मोजतो.
साडेतीन.
आत शिलाईची दोन मशिनं वितळून एक झालीत
आणि जळालेत पस्तीस कोट,
ज्यांना बाह्या लागायच्या होत्या.

सिरानुशबाई म्हणते, लिही.
तो लिहीत नाही.

कलम चौदा: युद्ध, पुकारलेलं वा न पुकारलेलं,
यादवी, बंड,
यांतली नुकसानी कंपनी देणं लागत नाही.
दंगल चालते. दंगलीचे पैसे मिळतात.

तर हे काय होतं?

सरकार म्हणतं, घटना.
रेडिओही तेच. कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा सांगतो,
मागच्या घटनेत माझं गाढव गेलं.
माझ्या भाषेत राज्य ज्यावर उभं राहतं
तिलाही घटनाच म्हणतात,
पण वदीहला हे कोण सांगणार.
कंपनी म्हणते, युद्ध. तिला परवडतं.

कॉलेजात त्यानं पाठ केलं होतं:
दोन राज्यांनी एकमेकांवर शस्त्र धरलं की युद्ध.
इथे राज्य एकच, तेही अर्ध्या दिवसाच्या रजेवर.
राजकारण थकलं की युद्ध लागतं, असंही वाचलेलं.
पण त्या रात्री ते मुळीच थकलेलं नव्हतं,
समोरच्या गच्चीवर जागत होतं,
वाळूची पोती मोजून घेत होतं.

कोण कुणाशी लढत होतं, बाई?
बघायला मी खिडकीत गेले नाही.
राष्ट्र?
कुणाचं?
तुमचं. रकाना आहे.

ती खिशातून अंगुस्तान काढते.
आई मराशहून चालत आली तेव्हा
तिच्या बोटात होतं.
त्या चालण्यालाही तेव्हा कुणी युद्ध म्हटलं नाही,
स्थलांतर म्हणाले, कागदावर.
अंगुस्तान रकान्यावर ठेवते.
बरोबर मावतं.

बराच वेळ वदीह पेनाचं टोपण चावत बसतो.
पोरगा कॉफी आणतो, साखर नाही म्हणतो.

मग लिहितो: कारण, दंगल.
पुढचा रकाना, जमावाची संख्या.
तो आत बघतो, पुन्हा एकदा मोजतो.

पस्तीस.
ओळख पटली नाही.
हात कुणालाच नव्हते.