अंगठा

ग्रुपचं नाव अजून तेच आहे: ‘चोडण फेरी, वेळ’.
इनासने तो काढला तेव्हा आम्ही सव्वीसजण होतो
आणि लिहायचो एवढंच: सुटली. आली नाही.
रायबंदरला अडकलीय, ओहोटी आहे.
कुणी विचारायचं, माझी छत्री राहिली का बाकावर?
दुसऱ्या दिवशी छत्री घरी पोचायची,
सोबत ओंजळभर बिंबलं.

आता आम्ही तीनशे बारा.
फेरीची वेळ कुणी विचारत नाही.

परवा रात्री फोटो आला.
फेरीचा पांढरा कठडा, त्यावर पानाचा लाल ओघळ
आणि बाजूला एक पाठमोरा माणूस.
खाली एकच शब्द: भायले.
मग जे सुरू झालं ते
उमाकांतमास्तरांच्या ‘सुप्रभात’पर्यंत थांबलं नाही.
कुणी लिहिलं, आमच्याच गावात आम्हाला उभं राहायला जागा नाही.
कुणी लिहिलं, एकेकाला पाण्यात ढकला,
आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे.
ती प्रेमावती.
उंबऱ्याशी मांजर व्यायली तेव्हा
आठ दिवस मागच्या दाराने ये-जा करत होती.

मी त्या शर्टाकडे बघत होते.
निळा, चौकड्यांचा, डाव्या खांद्यावर
वेगळ्या दोऱ्याने घातलेली टीप.
पिग्मी खातं दोनशे सतरा. यमनप्पा. फरशा बसवतो.
रोज पन्नास रुपये; काम नसलं तर वीस.
पान खात नाही. खिशात बडीशेपेची पुडी असते,
पैसे काढताना तीच आधी हाताला लागते.
लिहायला एक ओळ पुरली असती.

घेतलीही लिहायला.
तेवढ्यात इनासची सूचना आली:
ज्यांचे आजोबा चोडणात जन्मले
त्यांनी आजोबांचं नाव टाकावं. बाकीच्यांचं बघू.
नावं पडू लागली भराभरा,
लग्नात अहेर लिहून घेतात तशी.
मी टाकलं: विष्णू पांडुरंग. नवऱ्याचे आजोबा.
माझे भेडशीचे. तिलारीच्या काठी त्यांचं कुळागर होतं,
सुपाऱ्या मोजताना ते मधेच आकडा विसरायचे
आणि मला विचारायचे.
तेवीस वर्षं झाली मला या बेटावर.
लग्नात नाव बदललं, मग हळूहळू बोलण्यातला हेल.
आजोबांचं नाव त्या रात्री बदललं,
आणि ते मी बदललं.

मग त्या फोटोवर अंगठा ठेवला.
चाळीस होते, एक्केचाळीस झाले.
भीती वाटली म्हणावं, तर सगळं तसंही नव्हतं.
थोडं बरंही वाटलं,
भरल्या बाकावर कुणी सरकून
जागा दिल्यासारखं.

सकाळी धक्क्यावर इनास भेटला.
“वयनी, सांबाळ, निसरतलें,” म्हणत
माझी पिशवी त्याने पलीकडे नेली.
मागून यमनप्पाचं फरशी कापायचं यंत्रही
त्यानेच एका हाताने उचलून आत ठेवलं,
मग खिशात फोन वाजला तशी मान खाली घातली.
प्रेमावती दोन हात सरकून उभी राहिली.
पाण्यात कुणी कुणाला ढकललं नाही.
कठडा कुणीतरी धुतला होता.

यमनप्पाने पन्नासची नोट काढली, पुडीनंतर.
“ताई, आज सगळे माझ्या पाठीकडे का बघतात?
शर्ट फाटलाय का?”
मी म्हटलं, नाही रे. टीप चांगली बसलीय.
पावतीची शाई फिकी निघाली,
दोनदा काढावी लागली.

रात्री दोन वाजता मी माझा अंगठा काढून घेतला.
काढता येतो. कुणाला कळवलं जात नाही.

आज सोसायटीत त्याचा फॉर्म हाती आला, मुदत संपायची होती.
सहीच्या जागी जांभळा अंगठा.
मीच हात धरून टेकवला होता.
“फार दाबू नकोस,” म्हणाले होते मी,
“रेघा दिसायला हव्यात.”