टिंबं

गावातल्या दुकानांची नावं बहुतेक माझ्या हातची,
बोरीच्या अलीकडची आणि पलीकडचीही.
खाली कोपऱ्यात बारीक सही: उखा आर्ट्स.

त्या दोन रात्रींनंतर कर्फ्यू दोन तास उठला,
तेव्हा मी रस्त्याने चाललो नाही,
स्वतःचंच अक्षर वाचत गेलो.
'यासीन गादी' शिल्लक होतं, 'भांडार' जळालेलं.
आत कापूस धुमसत होता.
कापसाचं तसंच असतं, आग दिसत नाही,
हात घातला की कळतं.
पलीकडे भंगाळ्यांच्या पाटीवर
नुसता एक अनुस्वार राहिलेला.

आणि चौकात, खांबाला एका दोरीने लोंबणारं
ते कापड. लाल अक्षर, काळी किनार.
तेही माझंच.
बाराशे रुपये, निम्मे आगाऊ.
मजकूर त्यांनी आणला, मी फक्त रंगवला,
असं बायकोला सांगितलं.
ती भाकरी थापत होती. थांबली नाही.
"मजकूर त्यासना. अक्षर कोनं?"

शांतता समितीची बैठक झाली. चहा झाला, फोटो झाला.
दोन्हीकडचे म्हणाले, बाहेरचे आले होते.
मी मागच्या खुर्चीवर. बाहेरून आलेलं
माझ्या ब्रशात काहीच नव्हतं.

मग अफवा सुटल्या. दुधाच्या, टाकीच्या, ट्रकच्या.
यासीनभाईंची तस्लीम बालवाडीत शिकवते.
तिने कोपरा तुटलेला एक फळा आणला,
पुलाच्या कठड्याला मधोमध तारेने बांधला.
"उखाकाका, रोज लिहायचं.
काल काय झालं नाही, ते."

ती स्कूटीवर तिकडे चौकशी करायची, मी सायकलवर इकडे.
सातच्या आत फळा भरायचा.

काल टाकीत कोणी काही टाकलं नाही.
पारोळा रस्त्याने रात्री ट्रक आला, त्यात केळीची खोडं होती.
वाणी गल्लीतला मुलगा पळवलेला नाही.
मामाकडे आहे. नापास झालाय.

निम्मा फळा उर्दूत हवा, म्हणाली.
मला उर्दू येत नाही.
ती चिठ्ठीवर लिहून द्यायची, मी चित्रासारखं उतरवायचो,
उजवीकडून डावीकडे. ही होडी, हा विळा, हा वाकलेला म्हातारा.
चाळीस वर्षांचा हात उलटा चालायला शिकला.

एका सकाळी 'पानी'च्या खाली तीन टिंबं द्यायची,
मी एकच दिलं. त्याचं झालं 'बानी'.
म्हणजे संस्थापक.
आज सहा वाजता नळाला संस्थापक येतील.
मोमीन मास्तर वाचून कठड्याला धरून हसले,
अलीकडच्यांना अर्थ सांगितला, मग तेही.
संध्याकाळी दोन्ही काठांवर बायका हंडे घेऊन विचारत होत्या,
"उनात का वं संस्थापक?"

हसले म्हणून मिटलं असं नाही.
यासीनभाईंनी खुंटीवरची धनुकली अजून काढलेली नाही.
भंगाळ्यांचा धाकटा पुलापर्यंत येतो,
फळा वाचतो, तिथूनच लंगडत परत जातो.
कोर्टात तारीख पडते.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पहाटे एकटाच गेलो.
लिहायला झालं नाही असं काही नव्हतं.
जे झालं होतं ते लिहिलं:

चौकातलं ते कापड मी रंगवलं होतं. उखर्डू पेंटर.

तस्लीम आली. स्कूटी चालूच ठेवून वाचलं.
मग बंद केली. पुन्हा वाचलं.
खाली नदीत पाणी नव्हतं, कुणाचं तरी गाढव वाळू हुंगत होतं.
मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला,
हे उर्दूत तू लिहिशील का, विचारलं.

तिने चिठ्ठी लिहून दिली.
खडू नाही घेतला.
"हे तुम्हीच लिखा, काका," म्हणाली.
"आनि टिंबं मोजीसन द्या."