तिसऱ्या खिळ्यापर्यंत

दौलतगंजातल्या आमच्या गजकेच्या कारखान्यात
घड्याळ आहे, पण बंद. त्याची गरजच पडली नाही.
भट्टी पेटली की धूर आधी तुळयांना भिडायचा,
मग भिंतीवरून थराथरानं उतरायचा:
पहिला खिळा, मग पंचांगाचा,
आणि तिसऱ्याला टेकला की पूरन म्हणायचा,
"उतारो."
पाक झालेला असायचा.
सत्तावीस हिवाळे, एकदाही चूक नाही.

धुराडं सासऱ्यांनी बसवलेलं. सिमेंटच्या पत्र्याचं, सहा इंची,
दोन कोपरं घेत वर गेलेलं.
वर म्हणजे कठड्याच्या जेमतेम वीतभर.
तेव्हा शेजारी एकच मजला होता,
आता भटनागरांचे तीन.
पश्चिमेचा वारा त्यांच्या भिंतीवर आपटतो,
आमच्या नळीत तोंड घालतो
आणि आमचाच धूर आम्हाला परत करतो.
उरलेला भटनागरबाईंच्या चादरींवर.
त्याचा हिशेब त्या गच्चीवरून, सव्याज.

यंदा बाभळीचा भाव ऐकला
आणि इसरार मिस्त्रीला लोहिया बाजारातून बोलावलं.
त्यानं भट्टीत डोकं घातलं, मान उलटी केली, वर पाहिलं.
"आसमान नहीं दिखता, भाभी."
निदान एवढंच. फी चहा.

कोपरं उतरवली तर आत
डांबरासारखी काजळी, बोटभर, खापरीसारखी तुटणारी.
पारव्याचं घरटं, त्यात सायकलची तार.
मांजाचा गुंता, अजून गुलाबी.
आणि वरच्या सांध्यावर,
सिमेंट ओलं असताना खिळ्यानं कोरलेलं,
सासऱ्यांचं मोडी वळणाचं अक्षर:
पुढच्या साली उंच करणे.
पुढचं साल यायला छत्तीस वर्षं लागली.

नवी नळी आठ इंची, जस्ताच्या पत्र्याची,
सरळसोट, कुठे वळण नाही.
भटनागरांच्या टाकीच्याही वर.
डोक्यावर टोपी, खाली झडप.
मी भट्टीत वाकून पाहिलं:
रुपयाएवढं आभाळ. डिसेंबरचं, मळकं. पण आभाळ.

पूरननं काडी लावली.
ज्वाळा मागे ओढली गेली
आणि नळीत हुंकार उठला,
लांब कुठे मालगाडी चढाला लागावी तसा.
धूर आलाच नाही.
पूरन तिसऱ्या खिळ्याकडे बघत उभा राहिला.
आम्ही सगळेच बघत राहिलो.
भिंत स्वच्छ, खिळा कोरडा,
आणि कढईत तेरा किलो गूळ करपला.

"अब कैसे पता चलेगा?" पूरननं विचारलं.
कुणाकडे उत्तर नव्हतं.
मिस्त्री म्हणाला, झडप निम्मी लावा. लावली.
दुसरा घाणा कच्चा, दाताला चिकटणारा.
तिसऱ्याला मी वाटीत गार पाणी घेतलं,
पाकाचा थेंब सोडला, दाताखाली धरला.
कट्ट.
"उतारो," म्हणाले, आणि आवाज माझाच, हे जरा उशिरा कळलं.

साठ किलो लागायचं लाकूड, आता चाळीस.
खोकला गेला असं नाही म्हणणार,
रात्री येतो अजून, सवयीनं.

चौथ्या दिवशी भटनागरबाई दारात,
हातावर पांढरीशुभ्र चादर, घडी घातलेली.
"दुकान बंद कर दी क्या?"
नाही हो, म्हटलं, बसा. पावशेर गजक पुढे केली.
त्यांनी तुकडा मोडला, चघळला, कपाळाला आठी.
"पहले वाली बात नहीं. वो धुएँ की ख़ुशबू..."
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी धूर नसल्याची तक्रार केली.

भिंतीला चुना देणाऱ्याला सांगितलं, खिळे राहू देत.
पूरन अजून आधी तिकडेच बघतो,
वर, मग खाली, मग पुन्हा वर.
मग वाटीत बोट बुडवतो.